नारळाचा रस, हळद आणि साबणाची वडी

इ. स. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे तेथील धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांसाठी एक लांबलचक आज्ञापत्र काढले. लग्नात कोणती वाद्ये वाजवू नयेत, कोणती गाणी म्हणू नयेत, अंगणात तुळस ठेवू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, अशा अनेक मनाया त्यात होत्या. त्यातच एक कलम वधूवरांच्या अंगाला काय लावू नये याविषयीचे होते. वाटलेली हळद, दूध, खोबरेल तेल, तांदळाचे पीठ, पाल्याचा रस या पदार्थांवर न्यायालयाची वक्रदृष्टी पडली होती. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथामुळे ही माहिती सर्वसाधारण वाचकांपर्यंत पोचली. आपल्या समाजात मात्र तिची चर्चा फारशी होत नाही. आपल्याच धर्मसत्तेचे हे कृत्य असल्याने तो संकोच समजण्यासारखा आहे. पण तो बाजूला ठेवला, तर हे कलम आपल्या घरच्या न्हाणीघराचा इतिहास सांगू लागते.

या आज्ञापत्राच्या भाषांतरात हळदीच्या जागी 'केशर' असा शब्द आढळतो आणि वाचक गोंधळतो. गोरगरीब कुळंबी लग्नात केशर कोठून आणणार? उलगडा सोपा आहे. पोर्तुगीज लोक हळदीला 'देशी केशर' म्हणत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या वनौषधींवरील संवादग्रंथात हळदीचे वर्णन याच नावाने केले आहे. हा वैद्य मोठा जिज्ञासू होता आणि मुंबई बेटाचा पट्टाही काही काळ त्याच्याकडे होता. तो मूळचा ज्यू कुळातला. १५६८ साली तो वारला आणि १५८० साली त्याच इन्क्विझिशनने, तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असे ठरवून, त्याची हाडे उकरून जाळली. हळदीची नोंद करणाऱ्याला आणि हळद लावणाऱ्याला एकाच न्यायालयापुढे उभे राहावे लागले, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

न्यायालयाचा आक्षेप काय होता, हे न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. हिंदू विवाहात हळद हा धार्मिक विधीचा भाग आहे आणि धर्मांतरितांच्या मनात जुना विधी जिवंत राहील ही त्यांची भीती होती. भीती निराधार नव्हती. पण खोबरेल आणि तांदळाचे पीठ ही देवळातली सामग्री नव्हे. ती चुलीजवळची सामग्री आहे. अंग स्वच्छ करण्याची रीत आणि पूजा यांतला भेद ओळखण्याइतकी त्या न्यायाधीशांना येथील घराची ओळख नव्हती, असे आम्हांला वाटते.

वसईत या हुकमाचा अंमल फार तर तीन वर्षे चालला असेल, कारण मे १७३९ मध्ये किल्ला चिमाजी अप्पांच्या हाती गेला. गोव्यात इन्क्विझिशन १८१२ पर्यंत टिकले. त्यानंतर ते न्यायालय उरले नाही. नारळ मात्र उरला. गोव्याच्या व मंगळूरच्या कॅथलिक घरांत लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा 'रोस' आजही होतो आणि मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन लोकांत 'उंबराचं पाणी' विहिरीवरून वाजतगाजत आणून नवऱ्यामुलाला, नवरीला आंघोळ घातली जाते.

हे झाले लग्नाचे. रोजचे काय? येथे एक गोड गैरसमज दूर केला पाहिजे. रोज उटणे लावून न्हाणारी आजी ही बहुधा जाहिरातीतली आजी आहे. डाळीचे पीठ पोटाला पुरत नव्हते तेथे ते अंगाला कोण लावणार? उटणे सणाला आणि लग्नाला. एरवी अंगाला पाणी, टाचांना वजरी, केसांना आठवड्यातून एकदा शिकेकाई किंवा रिठे, आणि न्हाऊन झाल्यावर तळहातावर मावेल इतके खोबरेल. या साध्या क्रमात शास्त्र होते. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. ते मळ सोडवते, पण त्वचेवरचा स्निग्धांश साबणाइतका ओरबाडून नेत नाही. ओल्या अंगावर लावलेले तेल आतले पाणी उडू देत नाही. फिलिपिन्समध्ये २००४ साली झालेल्या एका छोट्या चाचणीत कोरड्या त्वचेवर खोबरेल हे खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले. नारळाच्याच देशात ही चाचणी झाली, यात नवल नाही.

मग साबण आला. 'साबण' हा शब्द तसा जुना आहे. अरबी 'साबून' काय आणि पोर्तुगीज 'सबांव' काय, दोहोंच्या मागे लॅटिन 'सापो' हाच शब्द आहे. पण साबण गरिबाच्या घरात येण्यासाठी सोडा स्वस्त व्हावा लागला. १७९१ साली फ्रान्सच्या निकोला लब्लांने मिठापासून सोडा बनवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि पुढे गिरण्यांतून साबण निघू लागला. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात 'सनलाइट' साबणाची खोकी उतरली. १८९५ साली 'लाइफबॉय'ची लाल वडी आली. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग पसरला. साबणाने हात धुण्याने पुढील काळात किती जीव वाचले असतील, याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. म्हणून साबणाला दोष देणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही.

तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेल आणि क्षार एकत्र शिजवले की दोन वस्तू तयार होतात: साबण आणि ग्लिसरीन. ग्लिसरीन त्वचेला मऊ ठेवते. घरगुती रीतीने केलेल्या साबणात ते तसेच राहते. कारखान्यात मात्र बहुधा ते वेगळे काढून घेतात, कारण त्याला स्वतंत्र भाव मिळतो; पहिल्या महायुद्धात तर त्याची मागणी स्फोटकांसाठी होती. आपल्या त्वचेचा गुणधर्म किंचित आम्ल, साबणाचा अल्कधर्मी. वडी अंग कोरडे करते, आणि त्या कोरडेपणावर उपाय म्हणून तेच ग्लिसरीन वेगळ्या बाटलीत भरून दुकानदार आपल्याला विकतो. एकाच नारळाचे दोनदा पैसे!

स्वदेशीच्या काळात साबणाला आणखी एक अंग आले. विलायती साबणात जनावरांची चरबी असे, तेव्हा अर्देशर गोदरेज यांनी मुंबईत केवळ वनस्पतिजन्य तेलांचा साबण काढला. म्हैसूर संस्थानात, युद्धामुळे परदेशी जाऊ न शकलेल्या चंदनातून चंदनाचा साबण जन्मला. परक्या मालाशी स्पर्धा म्हणून लिव्हर कंपनीनेही १९३४ साली मुंबईत शिवडीलाच कारखाना सुरू केला, असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. मोठी बाजारपेठ जवळ असणे हे कारणही पुरेसे होते.

साबणामागून स्नो आला. 'अफगाण स्नो' हा मुंबईचा माल, १९१९ चा, ई. एस. पाटनवाला यांचा. 'स्नो-पावडर करणे' हा वाक्प्रचारच मराठीत रूढ झाला. स्नो म्हणजे स्टिअरिक आम्लाचा थोडा भाग क्षाराने साबणात बदलून केलेले, पाण्याने भरलेले मलम. म्हणजे तोही साबणाचाच चुलतभाऊ. तोवर गोष्ट निरुपद्रवी होती. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आले आणि स्वच्छ, मऊ त्वचेची जागा गोऱ्या त्वचेने घेतली. २०२० साली या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. आपल्या विवाहविषयक जाहिरातींतून 'गोरी' हा शब्द अद्याप गेलेला नाही, आणि त्या जाहिराती आपणच लिहितो. याची किंमत मुलींनी चेहऱ्याने मोजली आहे. स्टिरॉइड असलेली मलमे औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणून महिनोन्‌महिने लावल्याने कातडी पातळ होते, लाल पडते, मुरमे उठतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. सावळ्या मुलीला 'जरा उजळ हो' असे सांगणाऱ्या मावशी-आत्यांना ही मनाई कोण करणार?

हळदीची कथा मात्र येथे संपत नाही. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुढे करून ते आव्हानित केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, ज्यांचा जन्म गोव्यातल्या माशेलचा. ज्या भूमीत हळद लावणे गुन्हा ठरले होते, तिच्याच सुपुत्राच्या कारकिर्दीत हळद सर्वांची ठरली.

आज रोजच्यासाठी काय पुरे? सौम्य साबण, तोही काखा, मांड्या, पाय आणि हात यांनाच पुरेसा. बाकी अंगाला पाणी चालते. न्हाल्यावर अंग ओले असतानाच थोडे खोबरेल. मात्र तोंडावर मुरमे येत असतील तर तेथे तेल लावू नये, ते रंध्रे बुजवते. लिंबू चोळू नये, उन्हात त्याने डाग पडतात. शेतावर किंवा मासळीबाजारात उन्हात बसणाऱ्या बायका डोक्यावरून पदर किंवा फडके घेतात, ते शंभर मलमांहून बरे. ज्यांना परवडते त्यांनी उन्हाचे मलम जरूर लावावे. महिन्याचा खर्च एका साबणाच्या वडीचा आणि खोबरेलाच्या लहान बाटलीचा.

अलीकडे रोसलाही नारळ किसायला कोणाला वेळ नसतो. रस पुड्यातून येतो. दुसऱ्या दिवशी पहाटेच नवरीला पार्लरमध्ये नेऊन बसवतात. तरी करवल्यांचा उत्साह जुनाच आहे. त्या रस केसांत, कानांत, मानेवर हवा तसा ओततात, आणि मग तो काढायला लागते बादलीभर कढत पाणी आणि साबणाची एक अख्खी वडी.