मोठी गांठ, लहान वाट

पोटांतील गांठ मोठी आणि पोटावरील छिद्र बोटाएवढें. मग ती गांठ बाहेर यावी तरी कशी? श्रोतेहो, हा प्रश्न वरकरणीं यंत्रकौशल्याचा वाटतो. परंतु मुंबईची गृहिणी असो वा नंदुरबारकडील मजूर स्त्री, त्याच्या उत्तरावर तिचें आयुष्य अवलंबून राहूं शकतें, अशी इतिहासाची साक्ष आहे.

सन १८०९ मध्यें अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत एफ्राइम मॅकडॉवेल यांनीं जेन क्रॉफर्ड या स्त्रीचें पोट, गुंगीच्या औषधावांचून, सुमारें नऊ इंच उघडलें. अंडाशयाची गांठ अखंड निघेना. तेव्हां त्यांनीं ती फोडून आंतील पंधरा पौंड द्रव्य काढलें व मागाहून साडेसात पौंडांचें आवरण बाहेर घेतलें. बाई बचावली आणि पुढें तीस वर्षांहून अधिक जगली. मोठी गांठ फोडून काढण्याची युक्ति अशी फार जुनी आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दुर्बिणीनें चित्र पालटलें. १९८८ सालीं अमेरिकेंत हॅरी राइख यांनीं तिच्या साहाय्यानें गर्भाशय काढलें. १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमतन उदवाडिया यांनीं त्याच मार्गानें पित्ताशय काढून भारतांत नवें पर्व सुरू केलें. वेदना घटल्या, रुग्णालयांतील मुक्काम घटला. वाट मात्र अरुंद झाली. पित्ताशय तींतून येतें, गर्भाशयाची मोठी गांठ येत नाहीं. तिच्यासाठीं मॉर्सेलेटर निघाला: पोकळ नळीच्या टोकाशीं फिरतें पातें, आणि नळींतून पट्ट्यापट्ट्यांनीं ओढून घ्यावयाचा मांसभाग. विजेवर चालणाऱ्या अशा यंत्रास अमेरिकेंत १९९५ मध्यें अनुमति मिळाली.

या पात्यानें बारीक तुकडे पोटांत उधळतात. गांठ साधी असली तरी ते आंत रुजूं शकतात. आणि तींत सार्कोमा हा कर्करोग दडलेला असला, तर तो पोटभर पेरला जातो. शस्त्रक्रियेपूर्वीं तो ओळखण्याची खात्रीची चांचणी नाहीं. २०१३ सालीं बोस्टन येथें भूलतज्ज्ञ डॉ. एमी रीड यांच्या वांट्यास हेंच आलें. त्यांनीं पतीसह लढा उभारला. २०१४ मध्यें अमेरिकेच्या नियामक खात्यानें इशारा दिला कीं, अशा गांठींकरितां शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारें ३५० स्त्रियांत एकीस दडलेला सार्कोमा असूं शकतो. डॉ. रीड २०१७ मध्यें निवर्तल्या.

उपाय साधा निघाला: पिशवी. गांठ पोटांतच पिशवींत घालावी, पिशवीचें तोंड छिद्राबाहेर आणावें आणि कापणें तिच्या आंतच व्हावें. २०२० मध्यें त्याच खात्यानें पिशवीवांचून हें यंत्र वापरूं नये असें सांगितलें. पिशवीही फाटूं शकते. म्हणून कर्करोगाचा संशय असतां, तसेंच पाळी गेलेल्या वा पन्नाशीपुढील स्त्रियांत, यंत्र टाळावें असा सल्ला आहे. त्यांच्यासाठीं थोडा मोठा छेद आहेच. आणि मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनीं आग्रहानें पुरस्कारिलेला योनिमार्गही कित्येकींस उपयोगी पडतो.

१९९८ सालीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याकडे या दृष्टीनें पाहावें. धडगांवकडील डोंगरवस्तींतल्या स्त्रीला लहान छेदाचें मोल अधिक. चढउताराची वाट आणि रोजची मजुरी तिला सुटत नाहीं. पण उधळलेल्या रोगाची किंमतही तिलाच जड जाते; कर्करोगाचे उपचार म्हणजे दूरच्या शहराच्या फेऱ्या. म्हणून छेद किती लहान, एवढेंच विचारून थांबूं नये. गांठ बाहेर कशी काढणार, आणि ती तपासणीस जाणार ना, हे दोन प्रश्न घरच्यांनीं शस्त्रक्रियेपूर्वींच डॉक्टरांस विचारावे.