क्यानोस, सावळा आणि डोळ्यांवरचा आरोप

१/७
होमरच्या ‘इलियड’मध्ये समुद्रदेव पोसायडनचे केस आणि देवराज झ्यूसच्या भुवया यांचा रंग ‘क्यानोस’ या शब्दापासून बनलेल्या विशेषणांनी सांगितला आहे. याच शब्दाचा अर्थ पुढे ‘निळा’ असा रूढ झाला. मग ग्रीकांच्या देवांचे केस निळे होते काय?

२/७
पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली होमरवरील आपल्या ग्रंथात याचे उत्तर शोधले. होमरचा समुद्र मद्यवर्णी, रंगांचे शब्द मोजके व संदिग्ध. यावरून त्या काळच्या ग्रीकांची रंगदृष्टीच अपुरी विकसित झाली होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

३/७
परंतु ‘क्यानोस’ हे वस्तूचेही नाव होते. ‘ओडिसी’त राजा अल्किनूसच्या वाड्याच्या भिंतींना क्यानोसची पट्टी आहे. टिरिन्सच्या उत्खननात निळी काच जडवलेली तशी पट्टी प्रत्यक्ष सापडली. निळी काच घडवून भिंतीत जडवणाऱ्यांना निळा रंग दिसत नव्हता, असे कसे म्हणावे?

४/७
आता गोदावरीच्या खोऱ्यात येऊ. परभणी जिल्ह्यातील पालम आणि शेजारचे गंगाखेड हा संत जनाबाईंचा मुलूख. इथल्या वारकऱ्याचा विठ्ठल काळ्या पाषाणाचा. तरी तो त्याला ‘सावळा’ म्हणतो आणि कृष्णरूपात ‘घननीळ’ही. ‘कृष्ण’ या नावाचा अर्थच काळा. चित्रांत मात्र तो निळा.

५/७
ग्लॅडस्टन यांचा न्याय लावल्यास वारकऱ्याला काळा-निळा भेद कळत नाही, असे ठरेल. पण पांढऱ्या धोतराला नीळ किती द्यावी, हे त्याच घरात नेमके ठाऊक असते. ‘सावळा’ ही केवळ छटा नव्हे. भरल्या मेघाची गर्द कांती आणि माया दोन्ही त्या शब्दात आहेत. ‘क्यानोस’मध्येही अशीच गडद झळाळी होती.

६/७
ग्रीक शब्द आजही जिवंत आहे. छपाईतील ‘सायन’ शाई त्याचीच. १८१५ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी एका विषारी वायूला ‘सायनोजेन’ हे नाव दिले. कारण त्याच्या संयुगांचा शोध ‘प्रशियन ब्ल्यू’ या रंगद्रव्यातून लागला होता. ‘सायनाइड’ही त्याच कुळातले.

७/७
पुराणात हलाहल प्राशन केल्याने शिवाचा कंठ निळा झाला. रसायनशास्त्रात निळ्या रंगावरून विषाला नाव मिळाले. रंगाचे शब्द असे वस्तू, देव आणि भाव यांच्या संगतीने अर्थ बदलत जातात. केवळ त्यांची यादी पाहून एखाद्या समाजाला अर्धदृष्टीचा ठरवणे, हा त्या समाजावर अन्यायच होय.