गटावरून नफा कळत नाही

पाचगणीचे बेल-एअर हे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी सुरू केलेले आरोग्यधाम. पुढे तिथे एचआयव्हीच्या रुग्णांवरही उपचार होऊ लागले. या दोन रोगांची औषधे आपल्याकडे कोणी आणि कशी बनवली हे पाहिले, तर एक रूढ मत टिकत नाही. ते मत असे की, औषध कंपनी संशोधनवाल्यांत मोडते, जेनेरिकवाल्यांत की दुसऱ्यांचा माल बनवून देणाऱ्यांत, यावरच तिचा नफा ठरतो.

या मतात तथ्य आहे. केव्ह्ज आणि पोर्टर या अर्थतज्ज्ञांनी १९७७ मध्येच मांडले होते की, एका गटातून दुसऱ्यात शिरताना अडथळे आडवे येतात. नवे औषध शोधायचा खर्च लहान कंपनीला झेपत नाही, हे उघडच आहे. पण कुंपण एक असले म्हणून आतल्या सगळ्यांचे पीक सारखे येते का? कूल आणि शेंडेल या संशोधकांनी १९६३ ते १९८२ या काळातल्या २२ अमेरिकी औषध कंपन्या तपासल्या. बाजारातल्या वाट्यात गटागटांत फरक दिसला, पण जोखीम धरून मोजलेल्या नफ्यात ठळक फरक दिसला नाही. उलट एकाच गटातल्या कंपन्यांत तफावत निघाली.

आपल्याकडेही तेच दिसते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरचे पेटंट गेले, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवरचे उरले. मोकळीक सर्वांना सारखीच मिळाली. ल्युपिनने क्षयाची औषधे धरली आणि त्यांत जगात नाव मिळवले. सिप्लाने २००१ मध्ये एचआयव्हीवरचे तीन औषधांचे उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले. बड्या परदेशी कंपन्या तेव्हा दहा हजारांवर डॉलर घेत होत्या. वोक्हार्टही याच जेनेरिकवाल्यांच्या गटातली. पण २००९ मध्ये तिची परकीय चलनातल्या रोख्यांची परतफेड थकली आणि २०१३ मध्ये तिच्या वाळूजच्या कारखान्याचा माल अमेरिकेने अडवला.

कोणी म्हणेल, गट अधिक बारीक पाडा. पाडत गेलो, तर शेवटी प्रत्येक कंपनीच एक गट होईल आणि सिद्धांतात सांगण्यासारखे काही उरणार नाही.

म्हणून औषध कंपनीचे शेअर घेणाऱ्यांनी गटाचे नाव बाजूला ठेवावे आणि कर्जाचा ताळेबंद व कारखान्याच्या तपासणीचे अहवाल आधी वाचावेत.