पाढे, पैसे आणि पालक

दिवेलागणीची वेळ. तिसरीतली एक मुलगी वही उघडून बसली आहे आणि वहीत 52 वजा 27 असे उदाहरण मांडले आहे. आजोबा उत्साहाने पुढे सरकतात. "दोनातून सात जात नाहीत. वरच्या दोनाला दहा दे, खालच्या दोनात एक मिळव. बारातून सात गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. पंचवीस!" मुलगी मान हलवते. "नाही हो आजोबा, असं नाही. बाई सांगतात, पाच दशकांतला एक दशक सुटा करायचा." आजोबा म्हणतात, "उत्तर तेच ना?" मुलगी म्हणते, "पण बाई चूक देतील." मग आजोबा चष्मा काढून ठेवतात, मुलीचे वडील "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असे म्हणून वर्तमानपत्रात डोके घालतात, आणि मुलगी दोन खऱ्यांच्या मध्ये सापडते. घरचे खरे मानावे तर शाळा खोटी ठरते, शाळेचे मानावे तर आजोबा खोटे ठरतात.

हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी घडलेला आहे. त्याचा दोष कोणी नव्या पुस्तकांना देतो, कोणी शिक्षकांना, आणि पुष्कळ पालक निमूटपणे स्वतःलाच देतात. आम्हांला मात्र ह्या गोष्टीकडे थोडे मागे जाऊन पाहावे असे वाटते. कारण आईबापांचे गणित आणि मुलांचे गणित ह्यांची अशी फारकत महाराष्ट्रात पहिल्यांदाच झालेली नाही.

पंतोजींच्या शाळेत ही फारकत नव्हती. धूळपाटीवर अंक गिरवून झाले की मुलगा उजळणीला लागे. नुसते पाढे पाठ करून सुटका नसे; पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची सारी पलटण तोंडपाठ करावी लागे. आज हे ऐकले की तो निव्वळ घोकंपट्टीचा छळ वाटतो, आणि पंतोजींची छडी लक्षात घेतली तर छळ होताही. पण ही पलटण आली कोठून? ती बाजारातून आली. रुपयाचे आणे सोळा, शेराची छटाके सोळा, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सारा व्यवहार निम्म्यानिम्म्याने आणि पावापावाने उतरत जाणारा. रुपयाचा पाव म्हणजे चार आणे आणि त्या पावाचा पाव म्हणजे नेमका एक आणा. कोठे काही उरत नाही, सांडत नाही. सव्वा रुपया शेर दराने चौदा शेर तूप घेतले तर 'चौदा सवा साडेसतरा' एवढे ओठांवर आले की हिशेब संपला, सतरा रुपये आठ आणे. लिहिण्यातही तसेच. पाव म्हणजे एक उभा दंड, निम्मे म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. म्हणून शाळेत मुलगा जे म्हणे ते दुकानावर बसलेल्या बापाला कळत असे आणि चुकले तर गादीवरूनच तो दुरुस्त करी.

तथापि हे चित्र रंगवताना हात आखडता घेतला पाहिजे. ह्या शाळेत मुली नव्हत्या आणि शेतकऱ्याकष्टकऱ्यांची मुले क्वचितच होती. घरातली बाई मापट्यापायलीने वर्षाचे धान्य बिनचूक मोजी, पण त्या मोजण्याला गणित म्हणावे असे कोणाला वाटले नाही. पुण्यात भिडेवाड्यात 1848 साली मुलींची शाळा निघाली तेव्हा कोठे त्या गणिताला पाटी मिळण्याची वाट मोकळी झाली. शेतकऱ्याची गोष्ट ह्याहून कठीण. समजा सावकाराने रुपयाला महिना अर्धा आणा व्याज लावले. ऐकायला ते किती थोडे! पण बारा महिन्यांचे सहा आणे होतात, म्हणजे शेकडा साडेसदतीस रुपये. हे ज्याला करता येत नाही त्याची जमीन त्या अर्ध्या आण्याच्या वाटेने निघून जाते. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळांत मोडी व बाळबोध वाचनलेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी होती. ज्या घरात बापाला आकडा येत नव्हता त्या घरात मुलाचे गणित हाच आधार होता. अडाणी आईबाप मुलाच्या गणिताला काय मदत करणार, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अशाच असंख्य आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला शाळेत टिकवले, ही काही लहान मदत नव्हे.

छापील पुस्तके त्याआधीच आली होती. 1822 साली स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने कॅप्टन जॉर्ज जार्व्हिस ह्यांच्या पुढाकाराने मराठीत गणिताची पुस्तके काढली. विलायती रीती पाटीवर आल्या, पण बाजार सोळा आण्यांचाच राहिला, आणि त्यामुळे उजळणीचा मानही राहिला.

खरा उलथापालथीचा दिवस 1 एप्रिल 1957. त्या दिवशी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुनी नाणी काही काळ चालू होती, तेव्हा जो तो आण्यांचे पैसे करण्यात गुंतला. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात. पण सव्वा पैसा द्यायचा कसा? म्हणून सरकारी कोष्टक ठरले: एका आण्याचे 6, दोन आण्यांचे 12, तीन आण्यांचे 19, चार आण्यांचे 25. आता ह्या कोष्टकाकडे पोराच्या नजरेने पाहा. एक आणा अधिक दोन आणे बरोबर तीन आणे. पण 6 अधिक 12 बरोबर 18, आणि कोष्टक म्हणते 19! पोराने विचारले, हा एक पैसा कोठून आला? उत्तर अवघड नाही. सव्वासहाची तिप्पट पावणेएकोणीस होते आणि जवळचा पूर्ण पैसा एकोणिसावा. पण हे सांगायला दशमान पद्धती उमगलेली हवी, आणि ज्याची हयात सोळात गेली त्याला ती एका रात्रीत कशी उमगावी? पुढच्याच वर्षी, 1958 च्या ऑक्टोबरपासून, मेट्रिक वजने येऊ लागली. ऐंशी तोळ्यांचा शेर जाऊन किलोग्रॅम आला, आणि तो शेराहून थोडासाच मोठा असल्याने घोटाळा अधिकच वाढला.

ह्या एका फेऱ्यात पावकी-निमकीची नोकरी गेली. त्या पाढ्यांत खोटे काहीच नव्हते. सतरा पाव तेव्हाही सव्वाचार होते आणि आजही आहेत. ज्या बाजारासाठी ते घडले तो बाजार उठला, इतकेच. बोलण्यात मात्र ते रेंगाळले. पंचवीस पैशांच्या नाण्याला लोक 'चार आणे' म्हणत राहिले. ते नाणे 2011 च्या 30 जूनला चलनातून गेले.

तिसरा खटका उडाला तो 2019 साली. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस ह्या नावांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यानामे आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. विधिमंडळापर्यंत थट्टा गेली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर ह्यांचे म्हणणे शांतपणे ऐकणारे त्या वेळी थोडे होते. म्हणणे सरळ होते. आपण 63 लिहिताना सहा आधी लिहितो आणि त्रेसष्ट म्हणताना तीन आधी म्हणतो. त्यात जोडाक्षरांची भर. कानडी, तेलुगू, तमिळ भाषांत दशक आधी बोलला जातो, तेथे लिहिणे आणि बोलणे एका दिशेने चालते. आमच्या एकोणतीस, एकोणचाळीसमध्ये तर पुढच्या दशकातून एक वजा करावा लागतो, आणि नव्व्याण्णवपाशी येताच तोही नियम मोडतो! जुनी नावे आम्हांला प्रिय आहेत आणि ती मुलांना यायलाच हवीत, असे आमचे मत आहे. परंतु आपल्याला जे लहानपणी सवयीने जमले ते सोपेच असते, हा भ्रम त्या गदारोळात होता, हेही बोलून दाखवले पाहिजे.

आता पुन्हा त्या वहीकडे येऊ. आजोबांनी काय केले? 52 आणि 27 ह्या दोन्हींत दहा मिळवले. वर दहा सुटे म्हणून, खाली एक दशक म्हणून. दोन्हींकडे सारखेच वाढले, तेव्हा अंतर तेच राहिले. मुलीने काय केले? बावन्नाचे चार दशक आणि बारा सुटे केले. दोन्ही रीती खऱ्या. अमेरिकेत ब्राउनेल व मोझर ह्या संशोधकांनी तिसरीच्या मुलांना ह्या दोन्ही रीतींनी वजाबाकी शिकवून पाहिली आणि 1949 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्थ न सांगता नुसती कृती शिकवली तर आजोबांच्या रीतीची मुले बरी ठरली. अर्थ समजावून शिकवले तर दशक सुटा करणारी मुले पुढे गेली. म्हणजे भांडण खरे रीतींचे नव्हतेच. आजोबांना त्यांच्या पंतोजीने किंवा मास्तरांनी 'खाली एक का मिळवायचा' हे सांगितलेच नसेल, तर ते नातीला तरी काय सांगणार?

तेव्हा पालकांनी आधी आपली रीत पुढे न करता मुलाला विचारावे, "तुझ्या बाई कसं करतात, मला दाखव बरं." मूल सांगू लागले की जेथे अडखळते तेथेच त्याची अडचण असते, आणि ती पालकाला आपोआप दिसते. मग दहादहा काड्यांच्या जुड्या घेऊन एक जुडी सोडून दाखवायला गणिताची पदवी लागत नाही. आपली रीत मागाहून दाखवावी, आणि दोन्ही उत्तरे एकच का येतात ह्याचा शोध दोघांनी मिळून घ्यावा.

आमच्या परिचयाच्या एका घरी आजीने नातवाला सांगितले, "भाजीवाल्याचे पावणेदोनशे झाले." नातवाला घड्याळातले पावणेदोन ठाऊक होते. त्याने विचार करून सांगितले, "म्हणजे दोनशेला पाव कमी. एकशे नव्व्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे." घरातले सगळे हसले, आजी हसली नाही. तिने शंभराच्या दोन नोटा त्याच्यापुढे ठेवल्या आणि विचारले, "पाव खरा, पण कशाचा पाव रे?" मुलगा बराच वेळ नोटांकडे पाहत राहिला. मग त्याने एक नोट उचलली आणि म्हणाला, "ह्याचा."