ग्नूस

ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या आतच चालणारा यूझनेट-वाचक. यूझनेट या संगणक-जाळ्यावरच्या गटवार चर्चा वाचणे, त्यांत उत्तर लिहिणे आणि काय वाचून झाले याची नोंद ठेवणे ही कामे तो करतो. मासानोबू उमेदा यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो ईमॅक्सच्या लिस्प भाषेत लिहिला. १९९४च्या शरदात नॉर्वेच्या लार्स मागने इंगेब्रिग्टसेन यांनी तो नव्याने लिहायला घेतला आणि नोव्हेंबर १९९५मध्ये ग्नूस ५ ही आवृत्ती ईमॅक्स १९.३०सोबत बाहेर पडली.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना १९७९मध्ये सुचलेल्या यूझनेटला मध्यवर्ती संगणक नाही. प्रत्येक सर्व्हर आलेला लेख शेजाऱ्यांकडे पाठवतो. ज्याच्याकडे लेख आधीच पोचला आहे तो सर्व्हर त्याला नाकारतो. ओळख पटते ती लेखाच्या जगभर एकमेव असलेल्या मेसेज-आयडीवरून. वाचकाला मात्र सर्व्हर दाखवतो तो स्वतःचा क्रमांक. पुण्यातल्या सर्व्हरवर ५२३१ असलेला लेख ऑस्लोत भलत्याच क्रमांकावर असू शकतो. त्यामुळे ‘१ ते ५२३० वाचले’ ही ग्नूसची नोंद त्या एका सर्व्हरपुरतीच खरी. सर्व्हर बदलला की ती निरुपयोगी ठरते. असा वाचक बांधणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते, पडद्याच्या मांडणीत नव्हे.

सर्व्हरशी बोलणे त्या मानाने सोपे. १९८६मध्ये ठरलेल्या एनएनटीपी संकेतांनुसार ११९ क्रमांकाच्या पोर्टवर ‘ग्रूप’ हा आदेश गटाच्या नावासह पाठवला, की उत्तरात २११ हा आकडा आणि त्यामागे लेखांची अंदाजे संख्या, पहिला व शेवटचा क्रमांक येतो. लेख संपल्याची खूण म्हणजे ओळीत एकटे टिंब. लेखातलीच एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल तर सर्व्हर आणखी एक टिंब जोडतो आणि वाचकाने ते आठवणीने काढायचे असते.

उत्तर कशाला दिले आहे हे लेखाच्या शीर्षभागातील ‘रेफरन्सेस’ या ओळीतून कळते. त्यावरून चर्चेची वंशावळ उभी राहते. पण कधी मूळ लेख मुदत संपून पुसला गेलेला असतो, किंवा आलेलाच नसतो. अशा वेळी ग्नूस समान विषयाचे पोरके लेख गोळा करून त्यांतल्या पहिल्यालाच बाकीच्यांचे पालकत्व देतो. ही तडजोड क्वचित फसते, पण विखुरलेल्या यादीपेक्षा बरी.

संपादकातच राहण्याचा लाभ उत्तर लिहिताना दिसतो: शोध, परिच्छेद जुळवणे, कापणे-चिकटवणे, सारे हाताखालचेच. तोटाही तिथलाच. ईमॅक्स मुळात एका वेळी एकच काम करतो. सर्व्हर रेंगाळला तर शेजारच्या खिडकीतला अर्धवट मजकूरही तेवढा वेळ गोठतो.

सॉक.कल्चर.इंडियन.मराठी या गटावर मराठी बहुधा रोमन अक्षरांतच लिहिली जाई, कारण यूझनेट मूळचे साध्या इंग्रजी वर्णसंचाचे. वेगवेगळ्या लिप्यांसाठी लागणारा माइम या संकेताचा आधार ग्नूसमध्ये १९९९च्या ५.८ आवृत्तीत नीट आला. ईमेल आणि पुढे संकेतस्थळांच्या आरएसएस फीड्सही याच चौकटीत, गट असल्यासारख्या वाचता येऊ लागल्या. ग्नूस आजही ईमॅक्ससोबतच मिळतो.