बर्फावरील फळी आणि मेण

कॅरमच्या पटावर पूड पसरल्यावांचून सोंगट्या धांवत नाहींत, हें आपल्याकडील पोरांनाही ठाऊक असतें. बर्फाळ उतारावरून घसरणारे खेळाडू त्याच न्यायानें आपल्या फळीच्या तळाला मेण लावतात. हा खटाटोप करण्याजोगा आहे काय, ही शंका मात्र बरीच जुनी आहे.

नॉर्वेत जन्मलेला ‘स्नोशू’ थॉम्प्सन १८५६ पासून सुमारें वीस हिवाळे कॅलिफोर्नियांतील सिएरा नेव्हाडा पर्वत ओलांडून टपाल पोंचवीत असे. वादळांतून वाट काढणारा हा पुरुष १८६९ मध्यें ला पोर्ट येथें शर्यतीसाठीं गेला आणि तेथील खाणकामगारांकडून हरला! त्याच्या लांकडी पट्ट्या कोरड्या होत्या. खाणकामगार देवमाशाच्या डोक्यांतील मेण, राळ, कापूर यांचें मिश्रण शिजवीत. दर प्रकारच्या बर्फाला निराळा पाक, आणि त्याची कृति कोणी कोणास सांगत नसे. १८७४ मध्यें टॉमी टॉड यानें अशाच पट्ट्यांवर सुमारें १८०० फूट उतार १४ सेकंदांत कापला, असें नमूद आहे. सरळ उतारावर मेणानें कसलेल्या माणसावर मात केली, हें उघड आहे. डोंगर ओलांडून टपाल नेण्याच्या कामीं तें किती उपयोगी पडलें असतें, हा प्रश्न निराळा.

मेणाचें कार्य काय? बाउडन व ह्यूज या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनीं १९३९ मध्यें दाखविलें कीं घर्षणाच्या उष्णतेनें बर्फ वितळून पाण्याचा पातळ थर बनतो व त्यावरून पट्टी घसरते. हें पाणी फार झालें तर तेंच तळाला ओढून धरतें. जलद्वेष्टें मेण ती ओढ कमी करतें.

शेर्मन पॉपेन यानें १९६५ मध्यें अमेरिकेंतील मिशिगन येथें दोन पट्ट्या जोडून मुलींसाठीं खेळणें केलें. आजच्या स्नोबोर्डाचें तें एक पूर्वरूप होय. हल्लींच्या फळीचा तळ पॉलिएथिलीनचा असतो आणि तो मुळांतच पाणी झिडकारतो. म्हणूनच स्वीडनमधील संशोधक लिओनिद कुझ्मिन यानें २००६ मध्यें असें प्रतिपादिलें कीं मेणाला मळ चिकटतो व कांहीं अंतरानंतर तें वेगाला मारकच ठरतें. नुसता खरवडलेला तळ बरा. त्याचे प्रयोग लांब पल्ल्याच्या स्कीवरील होते, हें विसरूं नये.

फ्लोरीनयुक्त महाग मेणांची कथा तर दुःखद आहे. तीं वितळविणाऱ्या तंत्रज्ञांच्या रक्तांत त्यांतील द्रव्यें सांपडलीं. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्कीस्पर्धांत त्यांना बंदी आहे. अर्ध्या क्षणासाठीं एवढें मोल कशाला द्यावें?

साधें पॅराफीन मात्र मी त्याज्य मानीत नाहीं. स्कीवाल्याच्या हातीं काठ्या असतात. स्नोबोर्डवाल्याचे दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. सपाट जागीं ओला बर्फ लागला कीं तो थबकतो, आणि एक पाय सोडवून फळी रेटीत चालूं लागतो. तेवढ्यासाठीं जुन्या इस्त्रीनें मेण वितळवून तळाला पाजावें, थंड होऊं द्यावें, आणि मग त्यांतलें बहुतेक खरवडून काढावें!