पावणेतीन सेंटिमीटरचा लंबक

साध्या लंबकाचं सूत्र शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. लांबीला g ने भागा, वर्गमूळ काढा, 2π ने गुणा. झाला दोलनकाळ. गोळा जड की हलका, काही फरक पडत नाही. 1 मीटर दोरी असेल तर एक पूर्ण झोका साधारण 2 सेकंदांचा. आता कोयना धरणाच्या उंचीएवढा, म्हणजे 103 मीटरचा लंबक टांगला तर? 20 सेकंदांच्या थोडं वर.

गंमत म्हणजे खुद्द धरण हललं, तर त्याचा दोलनकाळ जेमतेम एक तृतीयांश सेकंद. तेवढ्यात झुलणारा लंबक फक्त पावणेतीन सेंटिमीटरचा! लंबकाला गुरुत्वाकर्षण मागे खेचतं, धरणाला काँक्रीटचा ताठरपणा.

धरणाच्या डिझाइनमध्ये मात्र या दोलनकाळाला जागाच नव्हती. तेव्हाची रीत सरळ होती: वजनाच्या 5 टक्के आडवा जोर धरायचा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखाच. जणू धरण म्हणजे न वाकणारा दगड.

11 डिसेंबर 1967, पहाटे 4:21. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे 180 माणसं गेली. धरणातल्या त्वरणमापकाने प्रवाहाच्या दिशेने 0.49 g नोंदवले. आणि तडे गेले ते पायथ्याशी नाही, तर सुमारे 66 मीटर उंचीवर, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. जुन्या हिशोबाने तिथे धोका दिसतच नव्हता. 1973 मध्ये चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी दोलनकाळ धरून गणित केलं, तेव्हा सगळ्यात जास्त ताण नेमका तिथेच निघाला. वरचा भाग चाबकाच्या टोकासारखा जास्त हलतो, आणि त्याचा भार त्या मानेवर येतो.

धरण टिकलं, हे महत्त्वाचं. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगली. भिंत गेली असती तर काय झालं असतं, हे महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. नंतर तडे बुजवले, मागून काँक्रीटचा आधार दिला.

आज जगभर धरणांचं सॉफ्टवेअर तपासायला कोयनेचंच उदाहरण वापरतात. प्रोग्रॅमने तडा त्याच मानेवर दाखवला, तर तो पास.